मोळीखालची मान

"दीपे, ये गं जरा," सुभद्रानं आतून हाक मारली.

दीपमाला अंगण झाडत होती. खराटा टाकून ती आत आली, आईच्या पुढ्यात उकिडवी बसली आणि काही न विचारता तिच्या झंपरची हुकं लावू लागली. गेल्या उन्हाळ्यापासून हे असंच चाललं होतं. सुभद्राच्या बोटांतला जीवच गेला होता. भाकरी थापायला घेतली की कडेनं फाटायची, सुईत दोरा जायचा नाही, भरलेला तांब्या हातातून कधी सुटला ते तो जमिनीवर आदळल्यावरच कळायचं. मानेतून एक कळ निघायची, खांद्यावरून दंडात उतरायची आणि मग हात आपला नसल्यासारखा लटकून राहायचा. वय विचाराल, तर तिनं अजून चाळिशीही गाठली नव्हती.

"माय, पावन्यायला पानी मी देते. तू तांब्या उचलू नगंस."

"खुळी हायस का? तुलाच बघायला यायलेत ते. तू आत बसायचं."

"मग दादाला दे म्हन."

सुभद्राला हसू आलं. पोरगी बापाला दादा म्हणायची. पाहुण्यांना स्वतः पाणी देणारा बाप त्या वस्तीनं अजून पाहिला नव्हता, आणि धर्मराज काही जगावेगळा नव्हता. तो बाहेर शेजाऱ्याच्या ट्रॉलीला फळी नीट टेकली आहे का, ते पाय देऊन देऊन पाहत होता.

ही फळी कशासाठी, ते सांगायला हवं. धारूरच्या घाटाखाली, डांबरी रस्ता सोडून आत गेलं की ही वस्ती लागते. दिवाळी झाली की इथं म्हाताऱ्याकोताऱ्यांशिवाय कुणी राहत नाही. सगळे ऊसतोडीला कारखान्यांवर. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. नवरा ऊस तोडतो, बायको मोळी बांधते, ती डोक्यावर घेते आणि फळीवरून चढून गाडीत टाकते. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम दारात उभं करत नाही. त्यामुळं इथली सोयरीक ठरते ती पोरीच्या मानेवर. मुलगी बघायला आलेले लोक तिला वाचून दाखव म्हणत नाहीत, स्वयंपाकाचंही फारसं विचारत नाहीत. "मोळी उचलून दाखवील का?" एवढं मात्र हमखास विचारतात. मग अंगणात कडब्याची मोळी बांधून ठेवायची, ट्रॉलीला फळी लावायची. मुलगी हात न लावता, मान न डगमगू देता वर चढून गेली की पसंत. त्याची तयारी पोर सात-आठ वर्षांची झाल्यापासून. आधी चुंबळ आणि कळशी, मग कळशीवर कळशी, मग सरपण. याला 'मान बसवणं' म्हणतात. आया हे कौतुकानं सांगतात आणि ऐकणाऱ्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही. संताप येतो तो याचाच.

सुभद्राची मान अशीच बसवलेली. "माज्या सुभीची मान म्हंजी घराची मेढ हाय," असं तिचा बाप चारचौघांत सांगायचा. तिला शाळेतून काढलं तेव्हा ती चौथीत होती. मान चांगली होती, म्हणून काढलं. धाकटी उज्ज्वला दम्यानं सारखी धापा टाकायची. ओझ्याला निकामी, म्हणून तिला आजीजवळ ठेवलं, आणि करायला दुसरं काही नव्हतं म्हणून ती शाळेत जात राहिली. बारावी झाली. आज ती युसूफ वडगावला अंगणवाडी सेविका आहे. बापानं जिचं कौतुक केलं ती मोळीखाली गेली आणि जिला निकामी म्हटलं ती वाचली. सुभद्राला हे कधी खटकलं नव्हतं. उभ्या आयुष्यात तिचं कौतुक झालं ते एका मानेचंच, मग तिनं तरी का तक्रार करावी?

पण गेल्या महिन्यात उज्ज्वला आली, बहिणीच्या हातातून चहाची बशी पडताना तिनं पाहिली, आणि योगेश्वरीच्या दर्शनाला नेते असं दाजींना सांगून तिला थेट अंबाजोगाईच्या दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाई पोरसवदा होत्या. त्यांनी सुभद्राला हाताची मूठ मिटायला, उघडायला लावली, एका रेषेत चालायला लावलं. मग मशीनमधून काढलेले फोटो उजेडावर लावले.

"शाळा किती झाली?"

"चवथी."

"आणि डोक्यावर ओझं कधीपासून?"

"ते काय सांगू बाई. कळाया लागलं तवापासून."

"मशेरी लावता?"

सुभद्रानं ओशाळून होय म्हटलं. डॉक्टरीणबाईंनी फोटोवर बोट ठेवलं. मानेच्या दोन मणक्यांमध्ये एक मऊ गादी असते, ती दबून दबून पार सपाट झाली आहे, असं त्यांनी सांगितलं. मणक्यांच्या कडांना हाडाचे काटे फुटलेत. ते आता आतल्या मोठ्या नसेवर टेकलेत. बोटं ऐकत नाहीत ती त्याच्यामुळं. साठी उलटलेल्या माणसाची मान असावी तशी ही मान झाली आहे. "आता डोक्यावर तांब्यासुद्धा ठेवायचा नाही. कुणाकडून मान मोडून घ्यायची नाही. हा पट्टा घालायचा आणि लवकर ऑपरेशनचं बघायचं. एखादा जोराचा भार पडला तर हात जातील, पायही जातील. समजलं ना?"

"आमच्यात ते हायच," सुभद्रा समजूत घातल्यासारखं म्हणाली. "आमच्या मायचीबी मान आशीच गेलती. लोकं म्हनत्यात, हाडाचा दोष हाय. रक्तातून येतो."

डॉक्टरीणबाईंनी उज्ज्वलाकडं पाहिलं. "या सख्ख्या बहीण ना तुमच्या? तुमची मान दुखते का हो?"

"दुखती की कधीमधी," उज्ज्वला म्हणाली. "अंगणवाडीची माहिती मोबाईलवर भरून भरून."

"मग मोबाईल जरा डोळ्यांसमोर धरा, आणि मधेमधे मान वर करत जा. तुमचं तेवढ्यावर भागेल." त्या पुन्हा सुभद्राकडं वळल्या. "रक्त तुमचं दोघींचं एकच आहे ताई. या शाळेत बसल्या आणि तुम्ही मोळीखाली गेलात. मान तिथं गेली तुमची. मुलगी आहे का?"

"हाय. धावीला हाय."

"तिच्या डोक्यावर काय काय ठेवता?"

दीपमाला सकाळी शाळेत जायच्या आधी विहिरीवरून दोन कळशा एकीवर एक अशा आणायची, आणि ते तिला सुभद्रानंच शिकवलं होतं.

घरी आल्यावर तिनं धर्मराजला सगळं सांगून टाकलं. तो आधी घाबरला आणि मग, घाबरलेले पुरुष चिडतात तसा, चिडला.

"हे कुनापशी बोलू नगंस. आईची मान गेली म्हनल्यावर पोरीला कोन करील? हाडाचा दोष म्हनतेल. दारात कुत्रंबी यायचं न्हाई."

"डाक्टरीनबाई म्हनल्या, दोष न्हाई, वज्झ्यानं झालंय."

"डाक्टरनीच्या पोराला देयची का पोरगी?" म्हणत त्यानं पट्टा घेतला आणि ज्वारीच्या कणगीमागं सारून दिला. पण दुसऱ्या दिवसापासून पाण्याचे हंडे तो स्वतः सायकलला अडकवून आणू लागला. कारखान्यावर मोळ्याही मीच वाहीन, तू नुसतं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बांध, असंही म्हणाला. तो वाईट नवरा होता असं म्हणता येणार नाही. त्याला बायकोची काळजी होती, आणि पोरीचीही. लेकीला सोळाव्या वर्षी मोळीखाली घालणं हाही त्याच्या लेखी काळजीचाच भाग होता.

"धावीची परीक्षा तरी होऊ द्या," सुभद्रानं त्याला दोनदा म्हणून पाहिलं होतं. "सर म्हनत्यात, पोरगी लई हुशार हाय."

"सीझनच्या आदी लगीन झालं तर तिचा कोयता व्हतोय. मागून कोन थांबतंय?"

तर आता घट बसले होते, आणि पाहुणे धर्मापुरीहून निघाले होते.

जीप आली. रामकिसन, त्याची बायको छबुबाई आणि मुलगा सत्यम. सत्यम बिचारा टोपी हातात घेऊन खाली बघत बसला. पोरगी त्याला बघायची होती की त्याच्या आईला, हे त्याच्या बसण्यावरूनच कळत होतं. चहा झाला, केळी झाली. उज्ज्वलाही मुद्दाम आली होती आणि दाराशी तोंड घट्ट मिटून उभी होती. पोरीचं वय अजून भरलेलं नाही, असं तिनं सकाळी दाजींना ऐकवलं, तर "तुजी नोकरी तुज्या अंगनवाडीत" असं उत्तर मिळालं होतं.

"पोरगी मोळी उचलीती ना?" रामकिसननं विचारलं.

"बघा की," धर्मराज म्हणाला.

दीपमाला बाहेर आली. पदर खोचला, डोक्यावर चुंबळ ठेवली. दोघांनी हात लावून मोळी तिच्या डोक्यावर दिली. ती क्षणभर थांबली, पाय रोवले आणि चालू लागली. फळीवर चढताना तिची मान जरासुद्धा कलली नाही. वर जाऊन तिनं मोळी ट्रॉलीत टाकली तेव्हा रामकिसन आपसूक "वा" म्हणाला. दीपमाला खाली आली ती लाजून, पण खुशीत. चेहऱ्यावर लाली चढली होती.

सुभद्रानं ती लाली पाहिली. हे तिला ओळखीचं होतं. असंच अंगण, असेच पाहुणे, आणि 'वा' ऐकून असंच आतून फुलून येणं. पोरीला कुणी जबरदस्ती करायची गरजच नव्हती. तिला त्या कौतुकाची गोडी लागली होती.

छबुबाई मात्र अजून हसली नव्हती. तिनं पान जुळवलं, तोंडात घातलं आणि मग हळूच विषय काढला. "पोरगी ब्येस हाय. पर आमी आसं आयकलं, की तिच्या मायची मान गेलीय. आजीचीबी गेलती म्हनं. तसं आसंल तर सांगा बाई मोकळ्या मनानं. मागून सून घरात बसवून खाऊ घालायची ऐपत न्हाई आमची."

"कोन म्हनलं?" धर्मराजचा आवाज चढला. "जळत्यात लोक. तिची मान खडखडीत हाय."

"मग कळंलच की."

धर्मराजनं बायकोकडं पाहिलं. त्याच्या नजरेत हुकूम होता आणि आर्जवही होतं. "सुभद्रे, उचल गं एक. एकदाच."

"दाजी," उज्ज्वला पुढं झाली, "डॉक्टरनं काय सांगितलंय तुमाला ठावं हाय."

"तू गप बस."

सुभद्रा उठली. तिच्या डोक्यात त्या वेळी एकच गोष्ट होती आणि ती लख्ख होती. मोळी टाकून द्यायची. फळीपर्यंतसुद्धा जायचं नाही. अंगणातच, सगळ्यांच्या देखत टाकायची. हे लोक म्हणतील हाडात दोष आहे, उठून जातील, चार गावांत बोभाटा करतील, आणि मग दीपमालाला मोळी उचलून दाखव म्हणायला कुणी या दारात येणार नाही. खोट्या समजुतीनं पोरगी सुटत असेल तर सुटू दे. नवऱ्याचा मार खावा लागला तर खाऊ. एवढं ठरवून तिनं चुंबळ ठेवली आणि हात लावणाऱ्यांना मान डोलवली.

मोळी डोक्यावर आली आणि तिची मान आपोआप ताठ झाली.

याला काय म्हणावं? पंचवीस-तीस वर्षांची सवय होती ती. मानेत आगीचा लोळ उठला, तरी पाय चालू लागले. टाक, टाक, असं ती स्वतःला सांगत होती. पण बघणारे बघत होते, आणि चारचौघांत मोळी टाकणं तिच्या अंगाला येतच नव्हतं. चोरी कर म्हटलं असतं तर कदाचित जमलं असतं. तिनं फळीवर पाय ठेवला. खालून रामकिसन म्हणाला, "काय चाल हाय बाईची." तेवढ्या शब्दांनी तिला वर नेलं. वर पोचून तिनं मोळी अशी अलगद टाकली की एक धाट इकडचं तिकडं झालं नाही. खाली छबुबाई पहिल्यांदा हसली आणि कुंकवाची कोयरी मागू लागली.

सुभद्रा फळीवरून उतरली आणि फळीच्या पायथ्याशी बसली. पाय लाकडाचे झाले होते. तिनं हात उचलून पाहिला, तो उचलला नाही. अंगणात दीपमालाच्या कपाळाला कुंकू लागत होतं, नारळ ओटीत पडत होता, आणि सगळी माणसं तिकडं बघत होती. आपल्या हातांनी आपण पोरगी दिली, हे तिला तिथं बसल्या बसल्या कळलं. तिला रडूही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंथरुणातून उठलीच नाही. हातापायांनी साथ सोडली होती. धर्मराजनं तिला पाठकुळी घेऊन रस्त्यापर्यंत आणलं आणि जीपमध्ये घालताना तो लहान पोरासारखा रडला. ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंना सगळी हकीकत कळली तेव्हा त्या कुणावर रागावल्या नाहीत. पाय थोडेफार परतले. आधार दिला तर ती उभी राहू शकायची. हात मात्र मांडीवर ठेवले तर मांडीवर, उशाशी ठेवले तर उशाशी, तसेच पडून राहायचे. वर्ष जाईल, तरी किती येतील ते सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दिवाळीचा फराळ सुभद्राला दीपमालानं भरवला.

धर्मापुरीच्या पाहुण्यांनी बातमी कळल्या दिवशीच फोनवर सोयरीक मोडली. पोरगी सुटली, असं सुभद्राला वाटलं. केवढं मोल देऊन सुटली, पण सुटली तर खरी. त्या समाधानावर ती काही दिवस जगली.

मग दिवाळी झाली आणि मुकादमाचा ट्रॅक्टर वस्तीवर आला.

परमेश्वर मुकादम म्हणजे धर्मराजचा लांबचा भाऊच. तो दाराशी येऊन उभा राहिला आणि सुभद्राकडं न बघता बोलू लागला. "धर्मा, उचल तर तू कवाच घेतलीस, आगाऊ पैशाची. ती पुऱ्या कोयत्याची हाय. आता अर्ध्यावर कसं भागंल बे? मीबी कुनाला बांधलेला हाय."

"पोरगी यायलीय की," धर्मराज म्हणाला.

सुभद्रा आत बाजेवर टेकून बसली होती. तिनं ते ऐकलं, आणि कुणीतरी तोंडात मारावी तशी ती झाली. त्यानं हे कधी ठरवलं, तिला माहीतही नव्हतं. दीपमालाच्या वळकटीला दोरी बांधून झाली होती. शाळेचं दप्तर खुंटीला होतं.

"अहो," तिनं हाक मारली. "तिला नगा नेऊ."

धर्मराज आत आला. डोळे खाली घालूनच बोलला. "बापासंग यायलीय ती. परक्यासंग न्हाई. एक सीझन. पुढच्या साली परत शाळंत घालू."

"मलाबी एक सीझनच म्हनले व्हते."

"मग काय करू? तू सांग मला. औषधपानी कशावर करू?" खरं सांगायचं तर त्याच्यापाशी दुसरा रस्ता नव्हता. या दोघांना एवढ्या कोपऱ्यात ढकलणारे लोक त्या वेळी कुठंतरी निवांत बसले होते. त्यांची नावं घ्यायला इथं जागा पुरणार नाही.

"दीपे, तुजं काय म्हननं हाय?" सुभद्रानं विचारलं.

दीपमाला दारात उभी होती. "मी न्हाई गेले तर दादा एकला काय करतेल?" ती म्हणाली. "आन मला जमतंय माय. तू बघितलंस की. माजी मान चांगली हाय."

ती वळकटी घेऊन गेली. सुभद्रा जागेवरून उठू शकत नव्हती, पोरीचा हात धरू शकत नव्हती. तिच्याजवळ आवाज तेवढा उरला होता. तिनं उज्ज्वलाला हाक मारली. बहिणीची शुश्रूषा करायला उज्ज्वला भाऊबीजेपासून इथंच राहिली होती.

"उजे, तुज्या अंगनवाडीत त्यो कागद चिकटवलाय ना, पोरायच्या मदतीच्या फोनचा. लाव तो फोन."

उज्ज्वलानं फोन काढला. "अक्का, मी करते. मीच बोलते. तुजं नाव कशाला?"

"तू बोललीस तर मेव्हनीनं घर फोडलं म्हनतेल. कुनी मनावर घेयचं न्हाई. आई बोलली तर आयकतेल. आन मला भायेर ने. आत बसून लपून न्हाई बोलायचं मला."

उज्ज्वलानं तिला काखेत धरून उंबऱ्याबाहेर आणलं आणि ओट्यावर भिंतीला टेकवून बसवलं. समोर ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत गाठोडी, भांडी, कोंबड्यांची खुराडी, शेळ्या, आणि गाठोड्यांवर माणसं. दीपमाला आपल्या वळकटीवर बसली होती. उज्ज्वलानं १०९८ लावला, आवाज मोठा केला आणि फोन बहिणीच्या तोंडासमोर धरला.

"नमस्कार. बोला, काय मदत हवी आहे?" पलीकडून बाईंचा आवाज आला. तो ट्रॉलीपर्यंत ऐकू गेला. बोलणी थांबली.

"माजी पोरगी हाय," सुभद्रा म्हणाली. "सोळा वर्साची. धावीला हाय. तिला ऊस तोडायला न्यायलेत. आत्ता. ट्रॅक्टर दारात उबा हाय."

"तुम्ही कोण बोलताय?"

"तिची आई."

"बरं. घाबरू नका. मुलीला कोण घेऊन चाललं आहे? नाव सांगा त्यांचं."

सुभद्रा थांबली. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, तेवढंच. त्यानंतर ते नाव तिनं कधी तोंडातून काढलं नव्हतं. दवाखान्यात कागदावर घालायची वेळ आली तेव्हाही उज्ज्वलानं सांगितलं होतं. आणि आता तो माणूस ट्रॉलीच्या फळक्याला धरून तिच्याकडं बघत होता. याच माणसानं तिला पाठकुळी घेऊन रस्त्यापर्यंत नेलं होतं.

"सुभद्रे, फोन ठिव," तो म्हणाला. ओरडला नाही. विनवल्यासारखा म्हणाला.

"हॅलो, ताई? नाव सांगता ना?"

"धर्मराज," सुभद्रा म्हणाली. आवाज कापला, म्हणून तिनं पुन्हा सांगितलं. "धर्मराज. माजा नवरा. पोरीचा बाप."

धर्मराजचा हात फळक्यावरून खाली आला. परमेश्वर मुकादम तणतणत पुढं आला. "वैनी, ही काय रीत झाली? घरातली गोष्ट सरकारात सांगायली तू? याला पोलीस नेतेल. खायला कोन घालील तुला?"

"उपाशी ऱ्हाईन," सुभद्रा म्हणाली. "तशीबी भरवावं लागतंय मला."

दीपमाला ट्रॉलीतून खाली उतरली होती. ती बापाकडं जावं की आईकडं, हे न कळून मधेच उभी राहिली. फोनवरच्या बाई गावाचं नाव, वस्तीची खूण, ट्रॅक्टरचा रंग असं विचारत गेल्या. सुभद्रा सांगत गेली. माणसं पाठवतो, ट्रॅक्टर निघाला तरी वाटेत गाठू, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "ताई, त्या ट्रॉलीत आणखी कुणाच्या लहान मुली आहेत का?"

"ठिव तो फोन," एक म्हातारा ओरडला. "सगळ्या वस्तीवर आफत आणती का बाई तू?" दोघंतिघं बापे ओट्याकडं निघाले. उज्ज्वला फोन तसाच धरून बहिणीच्या पुढ्यात सरकली.

पट्ट्यात बांधलेल्या मानेमुळं सुभद्राला इकडंतिकडं बघता येत नव्हतं. समोर होतं तेवढंच दिसत होतं, आणि समोर ट्रॉली होती. गाठोड्यांवर बसलेल्या पोरी तिला टक लावून बघत होत्या. या सगळ्यांची मान बसवताना तिनं पाहिली होती. काहींना तर चुंबळ वळायला तिनंच शिकवलं होतं.

"हायत," ती म्हणाली. "लिवून घ्या. वैष्णवी. आठवीला व्हती. तिच्या मागं बसलीय ती दीपाली. नववीला."

बापे ओरडत राहिले. ट्रॉलीपाशी उभ्या असलेल्या आयांपैकी एकीनंही तिला थांब म्हटलं नाही.